साठ मिली पाणी

पातेल्याच्या तळाशी पांढरा थर दिसला आणि चंबूताई खाली वाकली.

चंबूताई हे तिचं खरं नाव नव्हे. शाळेच्या प्रयोगशाळेत ती तेवीस वर्षं परिचर होती. काचेचे चंबू धुवायचे, नळ्या पुसायच्या, सरांना हवं ते टेबलावर मांडायचं आणि तास संपला की उचलून पुन्हा धुवायचं, एवढंच तिचं काम. मुलांनी केव्हातरी तिचं हे नाव पाडलं आणि ते तिच्या मागोमाग घरापर्यंत आलं. घर तसं भावाचं. भाऊ गेला, तरी वहिनींनी तिला जा म्हटलं नाही आणि राहा असंही कधी म्हटलं नाही. मागची खोली तिची, स्वयंपाकघर वहिनींचं. भाचा आणि भाचेसून मधल्या खोलीत आणि त्यांची पाच महिन्यांची लेक, जिला सगळे पिल्लू म्हणायचे, ती ज्याच्या हाती लागेल त्याच्या मांडीवर.

वादळ परवाच निघून गेलं होतं, पण जाताना समुद्र अर्ध्या शहरात ठेवून गेलं होतं. खालचा मजला कमरेएवढ्या पाण्यात होता. वीज नव्हती. आजूबाजूची बिऱ्हाडं वादळाआधीच नातेवाइकांकडे गेली होती. भाचेसून इस्पितळात नर्स होती. ती कामावर गेली ती पुलापलीकडेच अडकली, आणि पूल पाण्याखाली गेला. पिल्लू तेव्हापासून डब्यातल्या पावडरीच्या दुधावर होती. भरून ठेवलेलं पाणी, अगदी फ्रीजमधल्या बर्फाचं वितळलेलं पाणीसुद्धा, काल दुपारी संपलं. मग नळाला पाणी आलं. पाठोपाठ कर्णा लावलेली एक होडी रस्त्यावरून ओरडत गेली, "पाणी उकळून प्या, पाणी उकळून प्या." वहिनींनी उकळलं. एकदा नाही, तीनदा. बाळाच्या पोटात जायचंय, कसर नको. त्या पाण्यात दूध कालवून चंबूताईने पिल्लूला चार बाटल्या पाजल्या होत्या. चारही तिनेच.

आज सकाळी अकराच्या सुमाराला पाणी उकळत ठेवून ती पिल्लूचा लंगोट बदलायला गेली. पिल्लू पहाटेपासून किरकिरत होती, पण हे रडणं नेहमीचं नव्हतं. बारीक, चिरकं, काच घासल्यासारखं. तिला खेळवण्यात वेळ गेला, आणि परत येऊन बघते तर पातेलं आटून गेलेलं. तळाशी पांढरं किटण. तिने नखाने खरवडून पाहिलं. असलं किटण तिने आयुष्यात शेकडो वेळा घासलं होतं.

"वहिनी, जरा इकडे या. घागरीतलं पाणी चाखून बघा."

"तूच चाख की."

"मला चार दिवस सर्दी आहे. साखर आणि मीठ एकच लागतंय मला."

वहिनींनी घोट घेतला, तोंडात घोळवला. "आहे थोडं खारट. कालही होतं. मला वाटलं, जंतू मारायला काही औषध टाकलं असेल."

"कालही होतं? मग बोलला का नाहीत?"

"अगं, मला काय माहीत! उकळून प्या म्हणाले, मी उकळलं. माझ्यावर कशाला डाफरतेस?"

"मीठ आहे वहिनी ते. नळाला पाणी येतं त्या विहिरींत समुद्र शिरलाय. उकळून मीठ जात नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि मीठ मागे राहतं. तीनदा उकळलं म्हणजे उलट आणखी खारट झालं." तिने घागर बाजूला सारली. "आणि मी ते तिला पाजलं."

दोघी एकदमच पिल्लूच्या गादीशी गेल्या. ओठ सुकले होते. मघाशी बदललेला लंगोट जवळजवळ कोरडाच होता, हे चंबूताईला आत्ता आठवलं. त्याआधीचा ओला लंगोट रात्रीचा.

फोनची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. चौथ्यांदा लावल्यावर लागला. भाचेसुनेने सगळं ऐकून घेतलं.

"किती बाटल्या, आत्या?"

"चार."

"लंगोट शेवटचा ओला कधी?"

"रात्री."

पलीकडे इस्पितळाचा गलका होता. मग ती म्हणाली, "थांबा, डॉक्टरांना विचारते. फोन ठेवू नका." आणि परत आली तेव्हा ती आई नव्हती, नर्स होती. "नीट ऐका. ओहोटी लागेपर्यंत पूल उघडत नाही, म्हणजे संध्याकाळी पाच. तोवर त्यातला एक थेंब देऊ नका. गोडं पाणी मिळवा, कुठूनही. डब्यावर लिहिलंय त्याच मापात दूध करा. पातळ करायचं नाही. आणि तहानली म्हणून नुसतं पाणीही ओतायचं नाही, एकदम पाणी गेलं तर मेंदूला सूज येते. थोडं थोडं, दर तासाला. आणि आत्या, ती झोपली आणि हलवूनही उठेना, तर..."

फोन बंद पडला.

"तर काय?" वहिनींनी विचारलं. चंबूताईने फोन खाली ठेवला.

भाचा सकाळी सातलाच बाटलीबंद पाणी शोधायला पाण्यातून वाट काढत गेला होता. त्याचा पत्ता नव्हता. इमारतीत त्यांच्याखेरीज एकच माणूस होता, वरच्या मजल्यावरचे म्हातारे मोजणीदार. आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस, एकटा आणि तिरसट. पिल्लू रडते म्हणून त्यांनी दोनदा चिठ्ठी पाठवली होती. चंबूताई जिना चढून गेली.

"गोडं पाणी? माझ्याकडे नळाचंच आहे," ते दारातूनच म्हणाले. "खारट आहे म्हणता? मला वाटलं, माझीच जीभ गेली."

ती तशीच परत आली आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. बारा वाजत आले होते. म्हणजे अजून पाच तास.

दरवर्षी सातवीच्या वर्गाला सर तो प्रयोग दाखवायचे. एका बाजूला मिठाचं पाणी उकळत असायचं, वाफ काचेच्या नळीतून जायची, नळीभोवती गार पाणी खेळतं असायचं आणि दुसऱ्या टोकाला गोडं पाणी ठिबकायचं. तेवीस वर्षं तिने ते सामान मांडलं होतं, पण बर्नर एकदाही पेटवला नव्हता. "बाई, त्याला हात लावायचा नाही," असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि आता शाळाही पुलापलीकडे होती.

"वहिनी, मोठं पातेलं काढा. जाड बुडाचं."

"कशाला?"

"ऊर्ध्वपातन करायचंय."

"ऊर्ध्व काय?"

"वाफ धरायची. वाफेत मीठ येत नाही. ती गार करून परत पाणी करायचं."

वहिनींनी पातेलं दिलं, पण दोन्ही हात कमरेवर ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. चंबूताईने आधी कुकरचा विचार केला. शिट्टीच्या जागी नळी लावायची म्हटली, तर घरात नळी होती ती धुण्याच्या मशीनची. ती तापली की रबराचा वास पाण्यात उतरणार. ते लेकराच्या पोटात नको. मग तिने दुसरी जुळणी केली. पातेल्यात खारं पाणी ओतलं, मधोमध स्टीलची रिंग, रिंगवर वाटी. वर झाकण, पण उलटं, मूठ आत. वाफ झाकणाला लागणार, तिथे तिचे थेंब होणार, थेंब उतारावरून मुठीकडे येणार आणि मुठीवरून वाटीत पडणार. झाकणाच्या वरच्या खोलगट भागात तिने गार पाणी भरलं. ते खारं असलं तरी चालणार होतं. फटीभोवती ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळली. आणि घाई होती म्हणून गॅस पूर्ण मोठा केला.

पाच मिनिटांत आतून खडखडाट सुरू झाला. झाकण थरथरायला लागलं. तिला ते चांगलं लक्षण वाटलं. अर्धा तास ती झाकणावरचं तापलेलं पाणी काढून गार पाणी ओतत राहिली. मग झाकण उचललं.

वाटी रिंगवरून कलंडली होती, एक कड उकळत्या पाण्यात. वाटीत पाणी होतं, भरपूर होतं, पण ते कुठलं ते सांगता येत नव्हतं. तिने चमच्यात थोडं घेतलं आणि जाळावर आटवलं. चमच्यावर पांढरं वर्तुळ उमटलं.

"झालं?" वहिनी म्हणाल्या. "अर्धा तास गॅस जाळलास. सिलिंडर किती उरलाय माहीत आहे? काल हलवून पाहिला, रिकाम्यासारखाच लागला."

"परत करते."

"परत काय करतेस! अगं, शाळेत भांडी घासून कोणी शास्त्रज्ञ होत नाही! पोर तहानेने मरायला लागली आणि तुझे खेळ चाललेत." त्यांनी बाटली उचलली, त्यात घागरीतलं पाणी ओतलं. "थोडंच तर खारट आहे. काहीच नसण्यापेक्षा बरं."

चंबूताईने त्यांच्या हातातून बाटली ओढून घेतली. एवढ्या वर्षांत तिने वहिनींच्या हातातली वस्तू कधी घेतली नव्हती. पाणी दोघींच्या अंगावर सांडलं.

"चार बाटल्या मी पाजल्यात, वहिनी. माझ्या हाताने. पाचवी ह्या घरात कुणी पाजायची नाही. मला घराबाहेर काढा, पण ही पाजू देणार नाही."

वहिनींनी भिजलेला पदर झटकला. आणि तेवढ्यात दोघींच्याही लक्षात आलं की घर एकदम शांत झालंय. चिरकं रडणं थांबलं होतं.

चंबूताई आधी पोहोचली. पिल्लूचे डोळे अर्धवट उघडे होते. तिने तळव्याला चिमटा काढला. पाय हलला, पण उशिरा, मनाविरुद्ध हलल्यासारखा. तिने दुसऱ्या पायाला जोरात चिमटा घेतला. पिल्लूने बारीकसा आवाज काढला आणि परत गप्प झाली.

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. तोंडाला पदर लावलेला. मग त्यांनी पदर खाली घेतला आणि अगदी वेगळ्याच आवाजात विचारलं, "आच किती ठेवली होतीस?"

"मोठी."

"वाफवायचं असलं की आच मोठी ठेवतात का? पाणी उसळून वर येणारच. आणि इतकं पाणी कशाला ओतलंस? दोन बोटं पुरे." बोलत बोलत त्या स्वयंपाकघरात गेल्या. "आणि ती वाटी फुलपाखरासारखी हलकी, ती राहील का जागेवर? हे घे." त्यांनी फळीवरून स्टीलचा खल उतरवला. मसाला कुटायचा, जड, कुणाच्या बापाच्याने हलला नसता असा. भांड्यांच्या पावडरने घासून, उरलेल्या त्याच वाफाळत्या पाण्याने त्यांनी तो दोनदा खंगाळला आणि पुसून कोरडा करकरीत केला. "मसाल्याचा वास नाही ना राहिला बघ... तुला कुठून कळणार म्हणा, सर्दी तुला." त्यांनी स्वतःच हुंगून पाहिलं. "नाही."

दुसऱ्यांदा सगळं दोघींनी मिळून रचलं. पाणी दोन बोटं, मधोमध खल, उलटं झाकण, मुठीचं टोक बरोबर खलाच्या तोंडावर. आच वहिनींनी लावली, इतकी बारीक की चंबूताईला वाटलं ह्याने काहीच होणार नाही. पण पाणी आतल्या आत गुणगुणायला लागलं आणि थोड्या वेळाने आवाज आला. टप्. स्टीलवर पडलेला थेंब.

मग बराच वेळ काहीच नाही. मग परत टप्.

"उघडून बघू का?" चंबूताईने विचारलं.

"हात लावशील तर खबरदार. उघडलं की वाफ गेली." वहिनी पिल्लूला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होत्या, तिच्या पाठीवर थोपटत, मध्येच तिचा कान ओढत. "ए राणी, झोपायचं नाही. आजीशी बोल. रड बरं जरा. वरच्या म्हाताऱ्याला त्रास दे."

पिल्लू रडत नव्हती. चंबूताई झाकणावरचं पाणी बदलत होती आणि थेंब मोजत होती. दीडशेपर्यंत मोजून झाल्यावर तिचं चुकलं. तिने नव्याने सुरुवात केली. एक वाजून गेला. ज्योत निळी होती ती टोकाला पिवळी झाली. वहिनींनीही ते पाहिलं. सिलिंडर आडवा करून आणखी दोन मिनिटं मिळतात का हे बघावं असं चंबूताईच्या मनात आलं, पण त्यातला धोका तिला माहीत होता. आवाज विरळ झाले. ज्योत बसली, उठली, फुरफुरली आणि विझली.

झाकण पुरतं निवेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, कारण निवतानाही थेंब पडत होते. मग चंबूताईने झाकण सरळ वर उचललं, वाकडं होऊ न देता, वरचं खारं पाणी आत सांडू न देता. वहिनींनी दुसरी बाजू धरली.

खल उभा होता. तळाशी पाणी होतं. काडी ओढून आणि मेणबत्ती पेटवून तिने चमच्यात चार थेंब आटवले. चमचा काजळला, पण आतून लख्ख राहिला. वहिनींनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"काय लागतं?"

"काहीच नाही," वहिनी म्हणाल्या. "अगं, काही म्हणजे काही नाही!"

आधीच उकळून कोरड्या केलेल्या बाटलीत ओतल्यावर पाणी साठच्या रेषेला लागलं, किंचित वरच. पावडरचे दोन सपाट चमचे. चंबूताईने चमच्यावरून सुरीची पाठ दोनदा फिरवली.

पिल्लूने बाटलीचं रबरी बोंड तोंडात घेतलंच नाही. ओठ ढिले पडले होते. मग वहिनींनी तिला मांडीवर अर्धवट बसवलं आणि चंबूताईने चमच्याने दूध ओठांशी नेलं. पहिला चमचा गालावरून ओघळला. दुसऱ्यातला निम्मा. तिसरा तिने जिभेच्या कडेला सोडला आणि हनुवटीखाली बोट फिरवलं. गळा हलला.

"गिळलं," वहिनी पुटपुटल्या.

तीस मिली पाजायला पंचवीस मिनिटं लागली. उरलेलं तासाभराने द्यायचं. त्यानंतरचं काय, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. चंबूताईने पातेल्यात झाकण आणि खल भरला आणि वरच्या मजल्यावर गेली. ह्या वेळी तिने दार वाजवलं नाही, ढकललं.

"मला तुमचा गॅस हवाय."

मोजणीदारांनी चष्म्यावरून पातेल्याकडे पाहिलं. "मूल रडत नाहीये तासाभरापासून," ते म्हणाले. "मी ऐकतोय. मला ते आवडत नाहीये." आणि बाजूला झाले.

त्यांचा सिलिंडर निम्म्याहून जास्त होता. त्यांनी घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं, किती वेळात किती पाणी येतं ते एकदा विचारलं आणि मग झाकण गार राहावं म्हणून त्यावर ओले कपडे घालून बदलत राहायचं काम स्वतःकडे घेतलं. आपले चांगले इस्त्रीचे दोन शर्ट त्यांनी त्यासाठी भिजवले. चंबूताईने नको म्हटलं तर म्हणाले, "बाई, तुम्ही आचेकडे बघा."

तीन वाजता पिल्लूने चमच्यातलं दूध आपणहून ओढलं. चार वाजता ती रडली. चिरकंच, पण मोठ्याने, आणि वहिनींनी तिला वर आणून मोजणीदारांच्या स्वयंपाकघरात रडू दिलं. साडेचारला लंगोटाला हाताएवढा ओला डाग होता. वहिनींनी तो उजेडाला धरून चंबूताईला दाखवला आणि मग त्याच लंगोटाने डोळे पुसायला निघाल्या. मोजणीदारांनी घाईघाईने आपला रुमाल पुढे केला.

पाच वाजून गेल्यावर भाचा आला, एका उंच चाकांच्या ट्रकच्या टपावर बसून. त्याच्या हातात फसफसणाऱ्या सरबताच्या दोन बाटल्या होत्या. "पाणी कुठेच नाही, हेच मिळालं," तो जिन्यात सांगत होता, तेवढ्यात आईच्या तोंडाकडे बघून थांबला. ट्रकवाल्याने काही न विचारता गाडी पुलाकडे वळवली. पूल अजून पुरता पाण्याबाहेर आला नव्हता, कठडे दिसत होते तेवढ्यावरूनच रस्ता ओळखायचा. चंबूताईच्या मांडीत झाकण लावलेली बाटली होती, शंभर मिलीच्या वर गोडं पाणी असलेली. खड्डा आला की ती आधी पिल्लूकडे बघायची आणि मग बाटलीकडे.

भाचेसून इस्पितळाच्या पायऱ्यांवरच उभी होती. तिने पिल्लूला घेतलं आणि तडक आत नेलं.

रक्तातलं मीठ बरंच चढलं होतं. डॉक्टर म्हणाले, ते हळूहळूच उतरवायला हवं, दोन दिवस तरी लागतील. झटके आले नाहीत हे नशीब. आणखी एक बाटली त्या पाण्याची गेली असती तर आपण वेगळं बोलत असतो. मधल्या वेळात दूध कोणत्या पाण्यात दिलंत, असं त्यांनी विचारलं. वहिनींनी सांगितलं. पातेलं, खल, उलटं झाकण, सगळं हातवारे करून, आणि शेवटी चंबूताईकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिने केलं. शाळेत प्रयोगशाळेत असते ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चंबूताईने भाचेसुनेला व्हरांड्यात गाठलं. रात्रभर तिने वाक्य तयार केलं होतं, ते आठवलं नाही.

"त्या चारही बाटल्या मी दिल्या होत्या. मला चव कळत नव्हती, तर मी कुणाकडून तरी चाखून घ्यायला हवं होतं. वहिनींची चूक नाही त्यात."

भाचेसुनेच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिने भिंतीला पाठ टेकली. मग म्हणाली, "आत्या, मला सगळं कळतंय. ते पाणी खारं असेल हे कोणाच्याच डोक्यात आलं नसतं, तेही कळतंय. पण आत्ता मला तुमच्याशी बोलता येत नाहीये. खोटं कशाला सांगू?"

"बरं," चंबूताई म्हणाली.

ती घरी गेली नाही. जायला रस्ताही धड नव्हता. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. वहिनी अधूनमधून येऊन शेजारी टेकायच्या, चहाचा पेला तिच्या हातात द्यायच्या. घरी त्या पेला ओट्यावर ठेवून जायच्या, हातात पहिल्यांदाच दिला. दोन दिवस भाचेसून तिच्यासमोरून जात-येत होती, मान हलवायची, बोलायची नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पिल्लूची सलाईनची सुई काढली. भाचेसून तिला कडेवर घेऊन बाहेर आली. पिल्लू जांभया देत होती, पट्टी लावलेला हात तोंडात कोंबत होती. भाचेसून बाकासमोर थांबली.

"मी दोन दिवस जेवले नाहीये," ती म्हणाली. "खाली जाऊन चार घास खाऊन येते. हिला धरता का?"

चंबूताईने हात पुढे केले. पिल्लूचं वजन तिच्या मांडीवर आलं.

"उठवत राहायची गरज नाही आता," भाचेसून जाता जाता वळून म्हणाली. "झोपली तर झोपू द्या."